नागराज आता माझा राहिला नाही, तरी मी विकत का घेतोय?

एका वाचकाचं पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"ताई, प्रश्न बालिश वाटेल पण हसू नका. वय ४४, मूळ परभणीचा, आता चिंचवडला असतो, कंपनीत क्वालिटीला आहे. शाळेपासून राज कॉमिक्सचं, म्हणजे नागराज, ध्रुव अशा सुपरहिरोंच्या हिंदी कॉमिक्सचं वेड. स्टँडसमोरच्या दुकानातून भाड्याने आणून वाचायचो, हिंदी मी शाळेत नाही, नागराज आणि ध्रुव वाचून शिकलो असं आमचे सर पण म्हणायचे. पण गेली कित्येक वर्षं नवीन काही वाचलं की डोकं फिरतं. तीन-तीन नागराज झालेत, गोष्ट संपतच नाही, ध्रुवचं लहानपण पण परत बदलून टाकलं. तरी नव्या अंकांचा प्रत्येक सेट आधीच बुक करतोच. कपाटात प्लास्टिक न काढलेले सेट पडलेत, जुन्या अंकांच्या रीप्रिंट दोन-दोन वेळा घेतल्यात. बायको म्हणते वाचत नाही तर घेता कशाला, मला उत्तर देता येत नाही. मुलगी बारा वर्षांची आहे, तिला नागायण या नागराजच्या मालिकेचा पूर्ण सेट मोठ्या हौसेने दिला, चार पानं वाचून ठेवून दिला, म्हणाली बाबा हे काय चाललंय कळत नाही. त्या रात्री खूप वाईट वाटलं. नवीन लेखकांना मी रागारागात लांबलचक मेसेज पाठवतो, नंतर स्वतःचीच लाज वाटते. सोडून देऊ का हे सगळं? आणि सोडायचं तर कसं? – एक जुना जुनूनी"

नमस्कार दादा,

हसले नाही. उलट पत्र वाचून जरा वेळ माझीच गाडी भलत्या रुळावर गेली, कारण मी डोगावाली, डोगा म्हणजे राजचाच, मुंबईतला कुत्र्याचा मुखवटा घालणारा हिरो. नागराज मला कधीच तेवढा झेपला नाही, अंगातून साप निघणारा माणूस आणि वर ऑफिसातली नोकरी, पण डोगा मात्र भक्तिभावाने वाचला. त्यामुळे उत्तर तटस्थ नाहीये, आधीच सांगून ठेवते.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू, म्हणजे तुम्हाला ती परत परत सिद्ध करत बसायला नको. घसरण झालीय. तुमच्या वयाचा, चष्म्याचा, संसाराचा दोष नाही. १९८६ला पहिला नागराज आला तेव्हा गोष्ट एका वाक्यात सांगता यायची: प्रोफेसर नागमणीने अतिरेक्यांना विकायला बनवलेलं हत्यार, बाबा गोरखनाथांनी त्याला त्या तावडीतून सोडवलं आणि तो उलटा अतिरेक्यांच्याच मागे लागला, बास. पुढच्याच वर्षी ध्रुव आला, तो तर अजून सोपा, सर्कस जळाली, आईबाप गेले, पोरगा उरला, त्याच्याकडे शक्ती काहीच नाही, एक मोटरसायकल, थोडं सायन्स आणि प्राण्यांची भाषा. कुठलाही अंक उचला, सुरुवातीच्या दोन पानांत कळायचं कोण कोणाच्या मागे का लागलंय, आणि दुकानदाराला संध्याकाळी अंक परत करायच्या आत गोष्ट संपलेली असायची. ती संपायलाच लागायची हो, भाड्याचा दुसरा दिवस लावायला पैसे कोणाकडे होते! कोहराममध्ये सगळे ब्रह्मांड रक्षक, म्हणजे राजचे सुपरहिरो, एकत्र आणले तरी एका जाड विशेषांकात विषय हातावेगळा केला.

आता तुम्ही म्हणता ते बघू. विश्वरक्षक नागराज वेगळा, आतंकहर्ता वेगळा, नरक नाशक अजून वेगळा, तिघांचं जग वेगळं, तिघांचा भूतकाळ वेगळा, आणि वाचणाऱ्याने दर वेळी आधी ठरवायचं की आपण कुठल्या घरात शिरलोय. नागायण आठ भागांची. सर्वनायक मालिकेचं तर काय विचारू नका, सगळे नायक, सगळी युगं, त्यांच्यात स्पर्धा, आणि भाग येतायत वर्षानुवर्षं, पुढचा भाग येईपर्यंत मागच्यात कोण मेलं होतं ते विसरलेलं असायचं. बालचरित मालिकेत ध्रुवचा उगमच परत उघडला. यातलं काही वाईट लिहिलंय असं नाही, नागायणमधली काही पानं मला अजून आवडतात, रामायणाच्या चौकटीत नागराज आणि ध्रुवला बसवायची कल्पना लेखक-चित्रकार अनुपम सिन्हांनी नुसती गंमत म्हणून नाही केलेली, मेहनत दिसते. पण एकेकाळी जी गोष्ट तिसरीतलं पोरगं रिक्षात बसून वाचायचं ती आता कळायला आधीची वीस वर्षं पाठ लागतात. तुमच्या मुलीने चार पानांत जे सांगितलं ते चोख परीक्षण आहे, तिला वाचता येत नाही म्हणून नाही, तिला वाचता येतं म्हणून ती थांबली.

आता जे म्हणतेय ते जरा कडू लागेल. हे असं का झालं याच्या कारणात तुम्ही पण आहात. मी पण.

नव्वदीत केबल आली, पोरं टीव्हीसमोर बसली, भाड्याची दुकानं बघता बघता गेली, काहींनी सीडी ठेवायला घेतल्या, काहींनी मोबाईल रिचार्ज. मनोज, तुलसी, नूतन ही कॉमिक्सची प्रकाशनं एकेक करत बंद पडली, इंद्रजाल तर त्याआधीच १९९०ला थांबलं होतं. राज टिकलं, ते कौतुकाचंच आहे. पण टिकलं कोणाच्या जोरावर? नवीन दहा वर्षांचं पोरगं येत नव्हतं, त्याच्यापर्यंत अंक पोचायची वाटच राहिली नव्हती, स्टँडवरचा स्टॉल नाही, दोरीला टांगलेले अंक नाहीत. आले कोण, तर आपण, पगार सुरू झालेले जुने जुनूनी. मग धंदा करणारा माणूस काय करणार, आपल्यासाठीच काढणार ना. कमी प्रती, चकचकीत कागद, हार्डकव्हर, कलेक्टर एडिशन, सोबत कार्ड आणि पोस्टर, आणि आत गोष्ट अशी की जिला जुने सगळे संदर्भ लागतात, कारण घेणाऱ्याला ते संदर्भ माहीत आहेत आणि ते ओळखण्यातच त्याला मजा येते. पोरांचं कॉमिक होतं ते तुमच्याबरोबर चाळिशीचं झालं. त्यात २०२०नंतर राजच्या मालकांची, गुप्ता भावांची वाटणी झाली, संजय, मनोज, मनीष, तिघांच्या नावाने राज कॉमिक्स वेगवेगळं यायला लागलं, आणि तोच जुना अंक दोन-दोन ठिकाणाहून रीप्रिंट होऊन समोर आला. तुम्ही दोन्ही घेतलेत. त्यांनी कशाला थांबावं सांगा?

प्लास्टिक न काढता ठेवलेला सेट म्हणजे वाचकाने दिलेला निकालच आहे, फक्त तो निकाल छापणाऱ्याला दिसत नाही, त्याला दिसतं ते बुकिंग. तुम्ही मेसेजमध्ये शिव्या देता आणि बुकिंगमध्ये शाबासकी, आणि दोन्हीतलं कुठलं खरं मानायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको.

म्हणून सोडू का या प्रश्नाचं उत्तर मी दोन तुकड्यांत देते. विकत घेणं सोडा, आजपासून. वाचणं अजिबात सोडू नका. तुमच्या डोक्यात या दोन गोष्टी एक झाल्यात, म्हणजे सेट बुक केला नाही तर आपण जुनूनी राहणार नाही, परभणीचं ते दुकान खोटं ठरेल असं काहीतरी. अहो पण त्या दुकानात तुमच्या मालकीचा एकही अंक नव्हता! सगळं भाड्याचं होतं. वेड लागलं ते भाड्याच्या अंकांवर, कोपरे फाटलेल्या, मधलं पान गायब असलेल्या. कपाटाचा आणि प्रेमाचा संबंध नंतर लागला, पगार आल्यावर.

बायकोला उत्तर देता येत नाही म्हणता, तर खरं तेच सांगा की सवय आहे, आणि पुढचे सहा महिने एकही प्री-बुकिंग करणार नाही. सहा महिन्यांत एखादा अंक असा आला की ज्याचं नाव तीन वेगवेगळ्या माणसांनी स्वतःहून घेतलं, तर तो एक सुटा घ्या, आला त्या रात्री वाचा. रात्री वाचायची इच्छा नसेल तर तो घ्यायचाच नव्हता. डबल झालेल्या रीप्रिंट विकून टाका, घेणारे भरपूर आहेत, अर्ध्या किमतीत द्या, फार भाव करू नका, आणि शक्यतो अशा माणसाला द्या ज्याच्याकडे पहिली कॉपी नाही. मूळ जुने अंक, म्हणजे पिवळ्या पडलेल्या कागदाचे, ते मात्र कोणी कितीही देऊ केले तरी विकू नका, रागाच्या भरात तर नाहीच. राग उतरल्यावर ते परत मिळत नाहीत आणि मिळाले तर असल्या भावाने मिळतात की वहिनी मला फोन करतील.

आता वाचायचं काय? इथे मला तुमच्याशी जरा भांडायचंय. पत्रात तुम्ही दर दोन ओळींनी "जुनं ते सोनं" असं म्हटलंय (तो भाग मी वर कापला). सगळं नव्हतं हो सोनं. किती अंकांत हॉलिवूडचा सिनेमा सरळ उचललेला दिसायचा, बायका कशा काढल्या जायच्या ते आज मुलीसमोर पान उघडताना तुम्हालाच जाणवेल, आणि डोगाच्या मुंबईत मराठी माणूस किती दिसायचा हा विषय काढला तर मी रात्रभर बोलेन. त्या काळात महिन्याला ढिगाने अंक निघायचे, त्यातले बरेचसे आज तुम्ही पण परत वाचणार नाही. तुम्हाला आठवतात ते निवडक, आणि नवीन अंकाची तुलना तुम्ही त्या निवडकशी करता, मग नवीन कसा जिंकणार?

जे खरंच सोनं होतं ते कोणी केलं ते बघा. नागराजचे सुरुवातीचे अंक लिहिले परशुराम शर्मांनी आणि काढले प्रताप मुळीकांनी. मुळीक आपले पुण्याचे, अमर चित्र कथेत त्यांनी किती अंक केलेत, आणि जलरंगात ज्यांचं नाव आज सगळे घेतात ते मिलिंद मुळीक त्यांचे चिरंजीव. तुम्ही चिंचवडला राहून नागराजच्या नावाने हळहळताय आणि त्याचा पहिला चेहरा ज्या हाताने काढला तो हात तुमच्याच शहराच्या पलीकडचा, हे तुम्हाला माहीत होतं का? मुळीकांचा नागराज बघा परत, दंड बेडकुळ्यांनी फुगवलेले नाहीत, उभं राहणं पौराणिक चित्रातल्या देवासारखं, आणि साप मनगटातून निघतात तेव्हा ते खरोखरचे साप वाटतात, खवल्यांसकट. नंतर अनुपम सिन्हांनी नागराज हातात घेतला तेव्हा तो वेगवान झाला, पानाची चौकट मोडून बाहेर यायला लागला, त्यावरून पण जुन्या लोकांनी त्या वेळी नाकं मुरडली होतीच, आणि आज तोच नागराज लोकांना "असली" वाटतो. भेडिया या जंगलातल्या हिरोचं जंगल धीरज वर्मांचं. डोगामागे तरुण कुमार वाही आणि संजय गुप्ता, चित्रं मनूची. ध्रुवच्या अंकांत इंकिंगला, म्हणजे पेन्सिलच्या चित्रावर शाई फिरवायला, विठ्ठल कांबळे हे नाव असायचं, आपल्याकडचं नाव म्हणून मी ते दर वेळी शोधायचे, का कोण जाणे.

ही माणसं वेगळी झाली, थकली, गेली, दुसरीकडे वळली की पात्र तेच राहतं पण अंक तोच राहत नाही. तुम्ही पात्राच्या मागे राहिलात. माझं म्हणणं आहे माणसांच्या मागे जा. एका माणसाचं काम घेऊन बसा, म्हणजे फक्त मुळीकांचे नागराज ओळीने, नाहीतर अनुपम सिन्हांचा ध्रुव पहिल्यापासून, प्रतिशोध की ज्वाला, रोमन हत्यारा, असं करत. लहानपणी आपण हाताला लागेल तो अंक वाचला, मधले गेले, शेवट कधी कळलेच नाहीत. आता सगळे तुमच्या कपाटात आहेत आणि ओळीने एकदाही वाचलेले नाहीत, खरं की नाही? प्लास्टिक त्यांचं काढा आधी. नवीन लोकांमध्ये पण शोधा, नवीन म्हणजे टाकाऊ नाही, आज भारतात लहान लहान प्रकाशक कॉमिक्स काढतायत, कोणाचा हात चांगला चाललाय ते चार अंक चाळल्यावर तुमच्यासारख्या माणसाला लगेच कळेल, इतकी वर्षं बघताय तुम्ही.

मुलीचं. तुम्ही चूक केलीत ती सेट देण्यात नाही, नागायण देण्यात. जिला नागराज कोण, विसर्पी कोण, नागपाशाचं वैर कशावरून काहीच माहीत नाही तिला थेट आठ भागांचं महायुद्ध दिलंत! आणि हौसेने दिलंत म्हणजे शेजारी बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत असणार, मी ओळखते बापांना. बारा वर्षांच्या मुलीवर एवढं ओझं ठेवल्यावर ती पुस्तक ठेवूनच देणार. ती मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचते का? बहुतेक वाचत असेल, नाहीतर तिच्या वर्गात कोणीतरी वाचत असेलच. मग तिला विचारा काय आवडतं. लांबी हा तिला प्रॉब्लेम नाही, मांगाचे खंडच्या खंड संपवतात ही पोरं, पण तिथे बहुतेक वेळा एकच लेखक पहिल्यापासून शेवटपर्यंत असतो, पात्राची तीन वेगळी आयुष्यं एकदम चालू नसतात, आणि गोष्ट कुठेतरी जाऊन संपते. हेच तुम्हाला हवंय की! तुमची आणि तिची तक्रार एकच आहे, तुम्ही उगाच दोन बाजूंना बसलात.

द्यायचंच असेल तर एक अंक द्या, प्रतिशोध की ज्वाला. सुटा आहे, पूर्ण आहे, सर्कस आहे, आग आहे, एकटं पोरगं आहे. टेबलावर ठेवा आणि खोलीतून निघून जा. वाचलं तर वाचलं. नाही वाचलं तर विषय काढू नका, आणि तिने दिलेला मांगा मात्र तुम्ही वाचा, उलट्या बाजूने पानं उलटायला शिकावं लागेल, पहिले दोन दिवस चिडचिड होते. तिला नागराज आवडला नाही म्हणजे तुमचं बालपण नापास झालं असं धरू नका. तुमच्या वडिलांनी तुम्हाला चांदोबा दिला असेल आणि तुम्ही तो बाजूला ठेवून स्टँडवर पळाला असाल, तेव्हा त्यांना कोणी विचारलं होतं का?

राहिले ते रागाचे मेसेज. लाज वाटते म्हणता, ती बरोबर वाटते. जो नवीन लेखक आज नागराज लिहायला घेतो तो बहुतेक तुमच्यासारखाच जुना जुनूनी असतो, हे विसरू नका, त्याने पण ते अंक कुठल्यातरी स्टँडवरच वाचलेले असतात. त्याला तुम्ही रात्री साडेअकराला सांगता की तू आमच्या नागराजची वाट लावलीस. त्याच्या हातात किती असतं? आधीच्या चार लेखकांनी करून ठेवलेला गुंता, तीन नागराज, पानांची मर्यादा, आणि घेणारे म्हणतात मोठा इव्हेंट पाहिजे. टीका करायची तर जरूर करा, पण तुमच्या क्वालिटीच्या रिपोर्टसारखी करा की, तुमचंच तर काम आहे ते: कुठल्या अंकात, कुठल्या पानावर, काय बिघडलं, आधी काय होतं. असं पत्र कोणी पाठवलं तर लेखक जपून ठेवतो, चिडला तरी ठेवतो. आणि एक नियम स्वतःला लावा, ज्या अंकाचं प्लास्टिक काढलं नाही त्यावर एक अक्षर लिहायचं नाही. माझा अंदाज आहे तुमचे निम्मे मेसेज तिथेच बंद होतील.

पूर्वी अंकात ग्रीन पेज यायचं, आठवतं ना, वाचकांशी गप्पा. तेव्हा पत्र लिहायला अंतर्देशीय आणावं लागायचं, तोपर्यंत अर्धा राग गेलेला असायचा. तुम्ही मेसेज लिहा, पाठवू नका, दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी परत वाचा. पाठवावासा वाटला तर पाठवा.

आणि हो, डोगाचा "कर्फ्यू" तुमच्याकडे दोनदा असेल तर डबल कॉपी विकायला काढण्याआधी मला कळवा. अर्धी किंमत म्हटलंय मी, लक्षात आहे ना.

– तुमची ताई